आज्ञावलीद्वारे दूरस्थ सर्व्हरवर फाईल लिहिणे : सुरक्षित फाईल हस्तांतराची कार्यपद्धती आणि पोच मिळविण्याचा प्रश्न

सारांश

एका संगणकावरील फाईल दुसऱ्या, दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लिहिण्यासाठी एसएफटीपी ही पद्धती आज सर्वत्र वापरली जाते. मनुष्य समोर बसलेला नसताना हे काम आज्ञावलीकडे सोपविले जाते, तेव्हा मार्गातील सुरक्षितता पुरेशी ठरत नाही. फाईल योग्य सर्व्हरवर गेली का, पूर्ण गेली का आणि एकदाच गेली का, या तीन प्रश्नांची उत्तरे आज्ञावलीलाच द्यावी लागतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा इतिहास, तिची अंतर्गत रचना आणि भरवशाच्या लेखनासाठी आवश्यक असलेले टप्पे यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : एसएफटीपी, एसएसएच, यजमान-किल्ली, तात्पुरते नाव, नामांतर, पोच.

१. प्रस्तावना

कार्यालयीन व्यवहारात आवक-जावक नोंदवहीला महत्त्वाचे स्थान आहे. पत्र जावक नोंदवहीत चढले म्हणजे ते पाठविले गेले, एवढेच सिद्ध होते. ते समोरच्या कार्यालयास मिळाले, हे सिद्ध करण्यासाठी त्या कार्यालयाचा शिक्का आणि सही असलेली पोच लागते. जावक क्रमांक आणि पोच यांतील हा भेद संगणकाच्या क्षेत्रातही तितकाच खरा आहे. तथापि, आज्ञावली लिहिताना तो अनेकदा विसरला जातो.

उदाहरणादाखल, एका शिक्षणसंस्थेत ८०० कर्मचारी आहेत असे मानू. महिन्याच्या अखेरीस त्यांच्या वेतनाची फाईल संस्थेच्या संगणकावरून बँकेच्या सर्व्हरवर रात्री आपोआप पाठविली जाते. फाईलमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ असून ओळीच्या शेवटी रक्कम आहे. बँकेकडील आज्ञावली दर पाच मिनिटांनी ठरावीक निर्देशिका तपासते आणि तेथे फाईल आढळल्यास ती उचलून पुढील कार्यवाही करते. ही रचना अनेक ठिकाणी प्रचलित आहे. ती दिसावयास साधी असली तरी तिच्यात झालेली एक लहानशी चूक शेकडो कुटुंबांच्या महिन्याच्या जमाखर्चापर्यंत पोहोचू शकते. हेच उदाहरण पुढील विवेचनात आधारास घेतले आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

संगणकांच्या जाळ्यावरून फाईल पाठविण्याच्या पद्धतीचा पहिला लेखी मसुदा एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अभय भूषण यांनी लिहिला होता. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीचे ते पदवीधर असून त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे कार्यरत होते. त्यातून पुढे एफटीपी ही पद्धती विकसित झाली आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये तिला आरएफसी ९५९ या दस्तऐवजाने स्थिर रूप प्राप्त झाले.

एफटीपीचा जन्म परस्परांवर विश्वास असलेल्या मोजक्या संस्थांच्या जाळ्यात झाला. त्यामुळे वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि फाईलमधील मजकूर हे सर्व उघड्या स्वरूपात जाते. पोस्टकार्डावरील मजकूर जसा वाटेत कोणीही वाचू शकतो, तशीच ही स्थिती होती. इंटरनेटचा विस्तार झाल्यावर हा दोष गंभीर ठरला. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला. त्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही कूटबद्ध संपर्काची पद्धती तयार केली. एफटीपीला २१ आणि टेलनेटला २३ हे पोर्ट क्रमांक दिलेले होते. त्यांच्या मधला २२ हा क्रमांक एसएसएचला मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती ओपनबीएसडीसोबत उपलब्ध झाली आणि जानेवारी २००६ मध्ये एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीस प्रमाण दस्तऐवजांचे रूप मिळाले.

एसएफटीपी ही एसएसएचच्या आधारावर उभी असलेली फाईल व्यवहाराची पद्धती होय. येथे नामसाधर्म्यामुळे होणारा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एसएफटीपी म्हणजे एफटीपीवर चढविलेले कूटलेखनाचे आवरण नव्हे. तसे आवरण असलेल्या पद्धतीस एफटीपीएस म्हणतात आणि तिचा प्रमाण दस्तऐवज २००५ चा आहे. एसएफटीपीची रचना सर्वस्वी स्वतंत्र आहे. तिला एकच जोडणी आणि एकच पोर्ट पुरतो. एफटीपी व एफटीपीएस यांना मात्र आज्ञांसाठी एक आणि मजकुरासाठी दुसरी अशा स्वतंत्र जोडण्या लागतात.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एसएफटीपीचा मसुदा सहाव्या आवृत्तीपर्यंत गेला. परंतु २००६ नंतर ते काम थांबले आणि त्यास अंतिम प्रमाण दस्तऐवजाचे स्वरूप कधीच मिळाले नाही. ओपनएसएसएचमध्ये २००१ च्या सुमारास लिहिलेल्या मसुद्यातील तिसरी आवृत्तीच वापरली जाते. सबब, या लेखातील विवेचन तिसऱ्या आवृत्तीस अनुसरून केले आहे.

३. एसएफटीपीची अंतर्गत रचना

एसएसएचचे तीन थर मानले जातात. पहिला वहन थर सर्व्हरची ओळख पटवितो, दोन्ही बाजूंना सामाईक गुप्त किल्ली मिळवून देतो आणि मजकूर कूटबद्ध करतो. दुसरा थर वापरकर्त्याची ओळख तपासतो. तिसरा जोडणीचा थर एकाच मार्गावर अनेक वाहिन्या उघडण्याची सोय करतो. यांपैकी एका वाहिनीवर एसएफटीपीचा व्यवहार चालतो.

हा व्यवहार विनंती आणि उत्तर या स्वरूपाचा असतो. प्रत्येक विनंतीस एक क्रमांक दिलेला असतो आणि सर्व्हरच्या उत्तरात तोच क्रमांक परत येतो. फाईल लिहिण्यासाठी प्रथम ती उघडण्याची विनंती केली जाते. सर्व्हर त्या उघडलेल्या फाईलची एक खूण परत देतो. त्यानंतर लिहिण्याच्या प्रत्येक विनंतीत ती खूण, फाईलमध्ये कोणत्या स्थानापासून लिहावयाचे तो आकडा आणि प्रत्यक्ष मजकूर असतो. शेवटी फाईल बंद करण्याची विनंती जाते. एका विनंतीत साधारणतः ३२,७६८ बाइट मजकूर पाठविण्याचा प्रघात आहे.

म्हणजेच फाईल एकसंध जात नाही, ती तुकड्यांनी जाते. प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र पोच येते. संपूर्ण फाईल पोहोचली असे सांगणारी एकत्रित पोच मात्र या पद्धतीत कोठेही नाही. तुकड्यांच्या पोचांवरून पूर्ण फाईलची पोच सिद्ध करण्याची जबाबदारी पाठविणाऱ्या आज्ञावलीवर येते. पायथॉनमधील पॅरामिको, जावामधील जेएसएच, सी भाषेतील लिबएसएसएच२ आणि पीएचपीमधील पीएचपीसेकलिब यांसारखी ग्रंथालये तुकडे करण्याचे व ते पाठविण्याचे काम स्वतः करतात. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यास एकच ओळ लिहावी लागते. या सोयीमुळेच त्या ओळीमागील पायऱ्या नजरेआड होतात.

४. पहिला प्रश्न : फाईल योग्य सर्व्हरवर जात आहे का?

मनुष्य प्रथमच एखाद्या सर्व्हरशी जोडणी करतो तेव्हा पडद्यावर त्या सर्व्हरच्या यजमान-किल्लीचा ठसा दिसतो आणि पुढे जावे का, असे विचारले जाते. होकार दिल्यास ती किल्ली ज्ञात यजमानांच्या यादीत नोंदली जाते. पुढील प्रत्येक वेळी सर्व्हरने सादर केलेली किल्ली या नोंदीशी ताडून पाहिली जाते.

आज्ञावली रात्री दोन वाजता चालते, तेव्हा हा प्रश्न विचारण्यास समोर कोणी नसते. पॅरामिकोमध्ये अनोळखी किल्ली नाकारणे हेच मूळ धोरण आहे. परंतु त्यामुळे आज्ञावली पहिल्याच दिवशी अडते आणि मग कोणतीही किल्ली आपोआप स्वीकारण्याचे धोरण लावून वाट मोकळी केली जाते. असे केल्यास कूटलेखन चालूच राहते. पण ते कोणाशी चालले आहे, याची खात्री उरत नाही. मोहोरबंद लिफाफा पत्ता न पाहता पहिल्या भेटलेल्या इसमाच्या हाती देण्यासारखा हा प्रकार होय.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, पासवर्डऐवजी किल्ली वापरली तर तोतया सर्व्हरच्या हाती काहीच लागत नाही. हे अर्धेच खरे आहे. खासगी किल्ली कधीही सर्व्हरकडे जात नाही. वापरकर्त्याची सहीदेखील त्या विशिष्ट जोडणीशी बांधलेली असल्याने ती खऱ्या सर्व्हरकडे वळवून वापरता येत नाही. तथापि, तोतया सर्व्हर कोणतीही सही न तपासता स्वीकारू शकतो आणि त्यानंतर आज्ञावली वेतनाची संपूर्ण फाईल स्वतःहून त्याच्या स्वाधीन करते. म्हणून यजमान-किल्ली आधीच मिळविणे, तिचा ठसा दूरध्वनी किंवा सहीचे पत्र अशा वेगळ्या मार्गाने पडताळणे आणि ती ज्ञात यादीत हाताने नोंदविणे, हाच योग्य क्रम होय.

सर्व्हरची किल्ली बदलल्यास आज्ञावली थांबते. हा दोष नसून गुण आहे. मार्च २०२३ मध्ये गिटहब या सेवेची खासगी आरएसए यजमान-किल्ली काही काळ सार्वजनिक ठिकाणी उघड झाली आणि सेवेने ती तत्काळ बदलली. जुनी किल्ली नोंदवून ठेवलेल्या आज्ञावली त्या दिवशी अडल्या. परंतु त्यांनी तसे अडणेच अपेक्षित होते. नवी किल्ली अधिकृत सूचनेशी ताडून नोंदविल्यावर त्यांचे काम पूर्ववत सुरू करता आले.

५. आज्ञावलीची ओळख आणि अधिकारांची मर्यादा

सर्व्हरची ओळख पटल्यावर आज्ञावलीस स्वतःची ओळख द्यावी लागते. पासवर्ड आज्ञावलीच्या मजकुरात लिहून ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आज्ञावलीच्या प्रती होतात, त्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांसोबत पासवर्डही जातो. त्याऐवजी किल्ल्यांची जोडी वापरणे इष्ट आहे. खासगी किल्ली आज्ञावलीच्या मजकुराबाहेर असावी आणि ती वाचण्याचा अधिकार केवळ ती आज्ञावली चालविणाऱ्या खात्यास असावा. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र किल्ली ठेवल्यास एखादी किल्ली रद्द करताना इतर कामे अडत नाहीत.

किल्लीचा प्रकारही महत्त्वाचा आहे. ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून एड२५५१९ प्रकारच्या किल्ल्या उपलब्ध आहेत. २०२१ मधील ८.८ आवृत्तीपासून एसएचए-१ वर आधारित आरएसए सह्या मूळ मांडणीत बंद करण्यात आल्या आणि २०२५ मधील १०.० आवृत्तीत डीएसए प्रकारच्या किल्ल्या काढून टाकण्यात आल्या. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली आज्ञावली सर्व्हरच्या अद्ययावतीकरणानंतर अचानक नाकारली जाते, त्यामागे अनेकदा जुने ग्रंथालय हेच कारण असते. अशा वेळी सर्व्हरवर जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याऐवजी ग्रंथालय बदलणे हिताचे ठरते.

सर्व्हरच्या बाजूनेही मर्यादा घालता येतात. २००८ पासून ओपनएसएसएचमध्ये एखाद्या खात्यास केवळ एसएफटीपीचा अधिकार देण्याची आणि त्याची दृष्टी एका निर्देशिकेपुरती सीमित करण्याची सोय आहे. अशी सीमा-निर्देशिका मुख्य प्रशासकाच्या मालकीची असावी लागते आणि इतर कोणासही तीत लिहिण्याचा अधिकार असून चालत नाही. म्हणून लेखनासाठी तिच्या आत वेगळी उपनिर्देशिका करावी लागते. ही अट ठाऊक नसल्याने जोडणी होताक्षणी तुटते आणि शोध मात्र भलत्याच ठिकाणी घेतला जातो.

६. दुसरा प्रश्न : फाईल पूर्ण गेली का?

वर दिलेल्या उदाहरणात एक ओळ ८० बाइटची धरल्यास ८०० ओळींची फाईल ६४,००० बाइटची होते. ती ३२,७६८ आणि ३१,२३२ बाइट अशा दोन तुकड्यांत जाईल. पहिल्या तुकड्यात ४०९ पूर्ण ओळी आणि ४१० व्या ओळीचे पहिले ४८ बाइट बसतात. पहिला तुकडा लिहिला गेला आणि त्याच क्षणी जोडणी तुटली किंवा बँकेच्या आज्ञावलीने ती फाईल उचलली, तर ३९० कर्मचारी यादीतून समूळ गळतात आणि एका कर्मचाऱ्याची ओळ मध्येच तुटते. तुकड्याची सीमा रक्कमेच्या आकड्यातून गेली तर परिणाम अधिक घातक होतो. ४५,३०० या रकमेचे पहिले तीनच अंक पोहोचल्यास ती ४५३ अशी वाचली जाईल आणि वाचणाऱ्या आज्ञावलीस त्यात काहीही वावगे दिसणार नाही.

यावरील उपाय जुना आणि परिणामकारक आहे. फाईल प्रथम तात्पुरत्या नावाने लिहावी. प्राप्तकर्त्याच्या आज्ञावलीने त्या प्रकारच्या नावांकडे दुर्लक्ष करावे, असे आधीच ठरवावे. सर्व तुकडे लिहून, फाईल बंद करून आणि पडताळणी करून झाल्यावरच तिला अंतिम नाव द्यावे. एकाच फाईल-व्यवस्थेत नामांतर ही अविभाज्य क्रिया असते. ती पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही. त्यामुळे अंतिम नावाची फाईल दिसली म्हणजे ती पूर्णच आहे, असे प्राप्तकर्ता निःशंकपणे मानू शकतो. तात्पुरती आणि अंतिम निर्देशिका वेगवेगळ्या फाईल-व्यवस्थांवर असतील तर ही हमी राहत नाही.

तिसऱ्या आवृत्तीत अंतिम नावाची फाईल आधीच असल्यास नामांतर नाकारले जाते. जुन्या फाईलच्या जागी नवी ठेवावयाची असल्यास ओपनएसएसएचने पॉझिक्स-नामांतर ही पुरवणी सोय दिली आहे. जुनी फाईल पुसून मग नामांतर करण्याचा मार्ग टाळावा, कारण या दोन क्रियांच्या मध्ये जोडणी तुटल्यास कोणतीच फाईल शिल्लक राहत नाही. वेतनासारख्या व्यवहारात तर नामांतर नाकारले जाणे हेच हितावह आहे. त्या नावाची फाईल आधीच गेलेली असणे ही थांबून चौकशी करण्याची खूण होय.

पडताळणीचे दोन स्तर आहेत. पहिला, सर्व्हरवरील फाईलचा आकार विचारून तो मूळ आकाराशी ताडणे. पॅरामिकोची फाईल पाठविण्याची आज्ञा ही तपासणी स्वतः करते. फाईल थेट अंतिम नावाने लिहिल्यास येथे एक चमत्कारिक प्रसंग उद्भवतो. आकार विचारण्यापूर्वीच प्राप्तकर्त्याने फाईल उचललेली असते आणि पाठविणाऱ्यास फाईल आढळत नसल्याचा संदेश मिळतो. तात्पुरत्या नावामुळे हा घोळ टळतो. दुसरा स्तर म्हणजे मजकुराचा एसएचए-२५६ ठसा काढून तो छोट्या जोडफाईलमध्ये पाठविणे आणि प्राप्तकर्त्याने तो पुन्हा काढून ताडणे. मार्गातील मजकुराच्या अखंडतेची काळजी एसएसएच घेते. मात्र फाईल तयार होताना किंवा डिस्कवर लिहिताना झालेला बिघाड तिच्या कक्षेबाहेर राहतो.

७. वेग आणि उशिरा कळणाऱ्या चुका

दूरच्या सर्व्हरवर मोठी फाईल पाठविताना वेग मंदावतो आणि त्याचा दोष सामान्यतः कूटलेखनास दिला जातो. वास्तविक कारण बहुधा निराळे असते. एका विनंतीचे उत्तर येण्यास २०० मिलिसेकंद लागत असतील आणि उत्तर आल्याखेरीज पुढील विनंती पाठवावयाची नसेल, तर सेकंदास पाचच विनंत्या होतात. ३२ किलोबाइटच्या हिशेबाने हा वेग १६० किलोबाइट होतो आणि १०० मेगाबाइटच्या फाईलला १० मिनिटे ४० सेकंद लागतात. जोडणीची क्षमता कितीही वाढविली तरी यात फरक पडत नाही.

उत्तराची वाट न पाहता एकामागून एक विनंत्या पाठवीत राहणे हा यावरील उपाय होय. ६४ विनंत्या एकाच वेळी मार्गस्थ असतील तर त्याच परिस्थितीत वेग सेकंदास १० मेगाबाइटपर्यंत जाऊ शकतो आणि तीच फाईल सुमारे १० सेकंदांत जाते. अर्थात त्यासाठी जोडणीची क्षमताही तेवढी असावी लागते.

या वेगाची किंमतही आहे. दहाव्या तुकड्याच्या वेळी सर्व्हरची डिस्क भरली, तरी आज्ञावली तोवर सत्तराव्या तुकड्यापर्यंत गेलेली असू शकते. चूक उशिरा कळते, काही वेळा फाईल बंद करताना कळते. शिवाय तिसऱ्या आवृत्तीत डिस्क भरल्याची सूचना देणारा स्वतंत्र संकेत नाही. फाईल सापडत नाही, परवानगी नाही, यांसारख्या मोजक्या कारणांस क्रमांक आहेत. उर्वरित बहुतेक कारणांसाठी अपयश एवढाच अर्थ असलेला ४ हा क्रमांक येतो. म्हणून प्रत्येक उत्तर, विशेषतः फाईल बंद करण्याचे उत्तर, तपासल्याशिवाय नामांतर करू नये.

८. तिसरा प्रश्न : फाईल एकदाच गेली का?

सर्वांत कठीण प्रसंग नामांतराच्या वेळी उद्भवतो. नामांतराची विनंती पाठविली आणि उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर नामांतर झाले की नाही हे पाठविणाऱ्यास कळण्याचा मार्ग उरत नाही. विनंती जाताना हरवली की उत्तर येताना हरवले, या दोन्ही स्थिती त्याला सारख्याच दिसतात. अपयश मानून फाईल पुन्हा पाठविल्यास वेतन दोनदा जमा होण्याचा धोका असतो आणि यश मानून स्वस्थ बसल्यास ते मुळीच जमा न होण्याचा.

अशा वेळी तर्क न करता पुन्हा जोडणी करून सर्व्हरवरील स्थिती पाहावी. तात्पुरत्या नावाची फाईल तेथेच असेल तर नामांतर झालेले नाही; ते पुन्हा करावे. अंतिम नावाची फाईल असेल तर काम पूर्ण झाले आहे. दोन्ही नसतील तर प्राप्तकर्त्याने ती उचलली असण्याची शक्यता मोठी आहे. परंतु निर्देशिका पाहून याची खात्री देता येत नाही. येथे एसएफटीपीची मर्यादा संपते आणि दोन संस्थांमधील कराराची आवश्यकता सुरू होते.

या करारात दोन गोष्टी असाव्यात. पहिली, प्रत्येक फाईलच्या नावात वर्ष, महिना आणि अनुक्रमांक असावा आणि एकदा कार्यवाही झालेला क्रमांक प्राप्तकर्त्याच्या आज्ञावलीने पुन्हा स्वीकारू नये. असे झाल्यास फाईल दोनदा गेली तरी रक्कम एकदाच जमा होते. दुसरी, फाईल वाचून झाल्यावर प्राप्तकर्त्याने ओळींची संख्या, एकूण रक्कम आणि ठसा नमूद केलेली पोच-फाईल ठरावीक निर्देशिकेत ठेवावी. पाठविणाऱ्याने ती वाचून, आकडे जुळल्यावरच आपल्या नोंदीत काम पूर्ण झाल्याचे लिहावे. ठरावीक वेळेत पोच न आल्यास संबंधित कर्मचाऱ्यास सूचना जावी. आवक शिक्क्याचे काम येथे ही पोच-फाईल करते.

९. मराठी फाईलनावांचा विशेष प्रश्न

तिसऱ्या आवृत्तीत फाईलचे नाव कोणत्या अक्षरसंकेतात असावे, हे निश्चित केलेले नाही. नाव म्हणजे केवळ बाइटची मालिका मानली जाते. आज यूटीएफ-८ हा संकेत बहुतेक ठिकाणी वापरला जात असला, तरी मराठीच्या बाबतीत दोन अडचणी संभवतात. पहिली, देवनागरीतील प्रत्येक यूनिकोड चिन्हास यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. लिनक्सवरील प्रचलित फाईल-व्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने मराठी नाव ८५ चिन्हांत संपवावे लागते आणि काना, मात्रा, हलन्त ही सर्व चिन्हे त्यात मोजली जातात.

दुसरी अडचण खास मराठी आहे. 'कर्मचाऱ्यांचे' या शब्दातील अर्ध्या रफारामागे यूनिकोडमधील 'ऱ' हे ०९३१ क्रमांकाचे अक्षर असते. हेच अक्षर साधा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. यूनिकोडच्या दृष्टीने ही दोन्ही रूपे समान अर्थाची असली, तरी एकास तीन बाइट आणि दुसऱ्यास सहा बाइट लागतात. सर्व्हर केवळ बाइट ताडून पाहत असल्याने डोळ्यांना तंतोतंत एक दिसणाऱ्या दोन फाईली त्याच्या लेखी वेगळ्या ठरतात आणि आधी पाठविलेली फाईल नव्या शोधात सापडत नाही. यास्तव नावे पाठविण्यापूर्वी ती यूनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणावीत किंवा नावात केवळ रोमन अक्षरे व अंक ठेवून मराठी मजकूर फाईलच्या आत ठेवावा. फाईलमधील मजकूर या आवृत्तीत कोणताही बदल न होता जसाच्या तसा जातो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) एसएफटीपी मार्गातील गुप्ततेची आणि अखंडतेची हमी देते. मात्र यजमान-किल्लीची पडताळणी वगळल्यास ती गुप्तता अनोळखी सर्व्हरच्या हाती सोपविली जाते.

(२) पासवर्ड आज्ञावलीत न ठेवता स्वतंत्र किल्ली वापरावी आणि सर्व्हरवरील अधिकार आवश्यक तेवढेच ठेवावेत.

(३) तात्पुरत्या नावाने लेखन, प्रत्येक उत्तराची तपासणी, आकाराची व ठशाची पडताळणी आणि शेवटी नामांतर, हा क्रम मोडू नये.

(४) जोडणी तुटल्यावर आंधळेपणाने पुन्हा न पाठविता प्रथम सर्व्हरवरील स्थिती पाहावी.

(५) अनुक्रमांक आणि पोच-फाईल यांबाबत पाठविणारा व प्राप्तकर्ता यांच्यात लेखी सहमती असावी.

यांपैकी शेवटची बाब कोणतेही ग्रंथालय पुरवू शकत नाही. आज्ञावलीने चूक न दाखविता काम संपविले, म्हणजे जावक नोंद झाली, एवढेच म्हणता येते. समोरच्या संस्थेने ८०० ओळी वाचल्या, त्यांची बेरीज जुळली आणि तसे लिहून परत पाठविले, म्हणजे काम झाले. हा भेद ध्यानात घेऊन आज्ञावलीची रचना केल्यास रात्री कोणी जागे नसतानाही वेतन योग्य खात्यांत, पूर्ण आणि एकदाच जमा होईल.